'वेस्टर्ली' : पश्चिमेकडे की पश्चिमेकडून?

हवामानविषयक इंग्रजी पत्रकात 'वेस्टर्ली विंड्स' हे शब्द आले, की त्यांचा अर्थ पश्चिमेकडून येणारे वारे असा असतो. त्याच पत्रकात एखादे वादळ 'इन अ वेस्टर्ली डायरेक्शन' सरकत असल्याचे म्हटले असेल, तर ते वादळ पश्चिमेकडे चालले आहे, असे समजावयाचे असते. शब्द एकच, पत्रक एकच, आणि अर्थ मात्र परस्परांच्या नेमके विरुद्ध. इंग्रजीतील दिशावाचक विशेषणांमध्ये 'वेस्टर्ली' आणि त्याची 'ईस्टर्ली', 'नॉर्दर्ली', 'सदर्ली' ही भावंडे याच कारणासाठी सर्वांत फसवी ठरतात. शब्दकोशात 'पश्चिमेकडील' एवढा प्रतिशब्द पाहून थांबणाऱ्या वाचकाला हा भेद कळत नाही. आणि भाषांतरात तो चुकला, तर समुद्राकडून येणारा वारा कागदावर समुद्राकडे जाऊ लागतो.

मूळ आणि रूप

'वेस्ट' हा शब्द जर्मानिक भाषाकुलातील आहे. लॅटिनमधील 'व्हेस्पर' आणि ग्रीकमधील 'हेस्पेरोस' हे संध्याकाळवाचक शब्द त्याचे नातलग मानले जातात. सूर्य जिकडे मावळतो ती दिशा, ही त्यामागील कल्पना. 'ईस्ट' या शब्दाचे मूळ पहाटेच्या कल्पनेत असून संस्कृतातील 'उषस्' हा शब्दही त्याच मुळापासून निघालेला आहे.

संस्कृत आणि मराठीतील मुख्य दिशांची नावे निराळ्या पद्धतीने घडली. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिलेल्या माणसाच्या समोरची ती पूर्व, पाठीमागची ती पश्चिम आणि उजव्या हाताची ती दक्षिण. 'दक्षिण' या शब्दाचा मूळ अर्थच 'उजवा' असा आहे. थोडक्यात, इंग्रजीतील 'वेस्ट' सूर्याच्या मावळण्याकडे पाहतो, तर आपली 'पश्चिम' माणसाच्या पाठीकडे.

'वेस्ट'पासून 'वेस्टर्न', 'वेस्टर्ली', 'वेस्टवर्ड', 'वेस्टबाउंड' आणि 'वेस्टर्नमोस्ट' अशी अनेक रूपे तयार झाली. त्यांपैकी 'वेस्टर्न' हे रूप प्राचीन इंग्रजीपासून चालत आले आहे, 'वेस्टर्ली' त्यानंतरचे. व्याकरणदृष्ट्या 'वेस्टर्ली' हे प्रामुख्याने विशेषण असले, तरी ते क्रियाविशेषण आणि नाम म्हणूनही येते. नाम म्हणून त्याचा अर्थ 'पश्चिमेकडून येणारा वारा' एवढाच होतो. 'द वेस्टर्लीज' या अनेकवचनी रूपाने भूगोलातील 'पश्चिमी वारे' दर्शविले जातात.

तीन अर्थ

'वेस्टर्ली' या विशेषणाचे तीन अर्थ ध्यानात ठेवावे लागतात.

पहिला अर्थ स्थानाचा : पश्चिमेच्या बाजूस असलेला. 'द मोस्ट वेस्टर्ली पॉइंट ऑफ मेनलँड युरोप' म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेकडील टोक. पोर्तुगालमधील काबो दा रोका हे ते टोक होय. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, पश्चिम सीमेवर वेस्टर्ली याच नावाचे एक गाव आहे. तेथे हा शब्द विशेषनाम होऊन बसला आहे.

दुसरा अर्थ रोखाचा : पश्चिमेकडे तोंड असलेला किंवा पश्चिमेकडे जाणारा. 'अ रूम विथ अ वेस्टर्ली आस्पेक्ट' म्हणजे पश्चिमाभिमुख खोली. 'दे सेट ऑफ इन अ वेस्टर्ली डायरेक्शन' म्हणजे ते पश्चिमेच्या दिशेने निघाले.

तिसरा अर्थ उगमाचा : पश्चिमेकडून येणारा. हा अर्थ मुख्यत्वे वाऱ्यालाच लागू होतो. 'अ स्ट्राँग वेस्टर्ली विंड' म्हणजे पश्चिमेकडून वाहणारा जोरदार वारा. असा वारा पूर्वेकडे जातो, हे वेगळे सांगावयास नको.

म्हणजेच 'वेस्टर्ली'चा अर्थ त्या शब्दात पुरता सामावलेला नाही. त्याच्यापुढे कोणते नाम आले आहे, यावर तो ठरतो. पुढे वारा असेल तर 'कडून', आणि मार्ग, दिशा, रोख किंवा वाटचाल असेल तर 'कडे', हा या शब्दाचा पहिला नियम.

वाऱ्याला वेगळा न्याय का?

वाऱ्याचे नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. अथेन्समधील 'टॉवर ऑफ द विंड्स' या प्राचीन अष्टकोनी वास्तूच्या आठ भिंतींवर आठ वाऱ्यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत आणि प्रत्येक मूर्ती तो वारा ज्या दिशेकडून येतो त्या बाजूच्या भिंतीवर आहे. घरांच्या व चर्चच्या छपरांवर बसविला जाणारा वातकुक्कुटही वारा जिकडून येत असेल तिकडेच तोंड करतो.

या रीतीमागे व्यवहार आहे. वारा कोठे गेला याच्याशी शेतकऱ्याला किंवा नावाड्याला फारसे कर्तव्य नसते. तो कोठून आला आणि येताना काय घेऊन आला, हे महत्त्वाचे. समुद्रावरून आलेला वारा बाष्प आणतो, वाळवंटावरून आलेला धूळ आणतो, हिमाच्छादित प्रदेशावरून आलेला गारठा आणतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात उन्हाळ्याच्या दिवसांत अचानक थंड वाऱ्याचा झोत येऊन तापमान झपाट्याने खाली उतरते. त्याला 'सदर्ली बस्टर' म्हणतात, कारण तो दक्षिणेकडून येतो. दक्षिण गोलार्धात थंडी दक्षिणेकडूनच यावयाची.

मराठीनेही हीच रीत पाळली आहे. 'नैर्ऋत्य मोसमी वारे' म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारे, आणि 'ईशान्य मोसमी वारे' म्हणजे ईशान्येकडून येणारे वारे. त्यामुळे 'साउथवेस्टर्ली विंड्स' या शब्दांचा अर्थ मराठी वाचकाला अवघड वाटू नये. गोंधळ होतो तो वाऱ्याचे वाहणे आणि मोसमी पावसाची आगेकूच या दोन गोष्टी एकाच बातमीत आल्यावर. मोसमी पाऊस केरळात साधारणतः १ जूनच्या सुमारास दाखल होऊन पुढे उत्तरेकडे सरकतो. त्या सरकण्याला इंग्रजीत 'नॉर्थवर्ड ॲडव्हान्स' म्हणतात. वारे 'साउथवेस्टर्ली', म्हणजे नैर्ऋत्येकडून. आगेकूच 'नॉर्थवर्ड', म्हणजे उत्तरेकडे. पहिल्यात उगम आहे, दुसऱ्यात गंतव्य.

पाण्याचा प्रवाह मात्र उलटा

समुद्रप्रवाहांना वाऱ्याचा नियम लागू नाही. प्रवाहाचे वर्णन तो जिकडे वाहतो त्या दिशेने करतात. त्यामागेही व्यवहारच आहे : प्रवाह कोठून आला यापेक्षा तो आपल्याला कोठे वाहून नेणार, हे दर्यावर्द्याला आधी कळावे लागते. म्हणून 'ईस्टर्ली विंड' पूर्वेकडून येतो, तर 'ईस्टर्ली करंट' पूर्वेकडे जातो. दोन्ही एकाच जागी असतील, तर ते समोरासमोर येतात.

याचे एक बोलके उदाहरण अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात सापडते. तेथील प्रचंड प्रवाहाला पूर्वी 'वेस्ट विंड ड्रिफ्ट' असे नाव होते. नावात 'वेस्ट' असला, तरी हा प्रवाह वाहतो पूर्वेकडे. कारण नावातील 'वेस्ट' हे वाऱ्याचे विशेषण आहे, प्रवाहाचे नव्हे. पश्चिमेकडून येणारा वारा पाण्याला पूर्वेकडे ढकलतो, इतकाच त्याचा अर्थ.

प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात नेहमीचे वारे 'ईस्टर्ली' असतात आणि ते पृष्ठभागावरील उबदार पाणी पश्चिमेकडे लोटतात. अधूनमधून तेथे 'वेस्टर्ली विंड बर्स्ट' येतात, म्हणजे पश्चिमेकडून वाऱ्याचे जोरदार झोत येतात. त्यांच्यामुळे उबदार पाणी पूर्वेकडे सरकू लागते आणि एल निनोच्या जडणघडणीत त्याचा वाटा असतो. हे वर्णन वाचताना 'वेस्टर्ली'चा अर्थ 'पश्चिमेकडे' असा घेतला, तर सगळा कार्यकारणभावच उलटा होतो.

ही संदिग्धता टाळण्यासाठी शास्त्रीय लेखनात 'वेस्टवर्ड' आणि 'ईस्टवर्ड' या रूपांचा आश्रय घेतला जातो. त्यांचा अर्थ नेहमी 'त्या दिशेकडे' असाच होतो. हवामानाच्या संगणकीय माहितीसंचांत तर वाऱ्यासाठीही 'ईस्टवर्ड विंड' अशी संज्ञा रूढ आहे. 'ईस्टवर्ड विंड' आणि 'वेस्टर्ली विंड' हा एकच वारा होय.

फ्रँकलिनचे चुकलेले ग्रहण

वाऱ्याची दिशा आणि वादळाची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बेंजामिन फ्रँकलिन याच्या लक्षात आले ते एका चंद्रग्रहणामुळे. १७४३ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात तो ग्रहण पाहण्याच्या तयारीत होता. परंतु ईशान्येकडून जोरदार वारे सुरू झाले, आभाळ भरून आले आणि ग्रहण दिसले नाही. बोस्टन हे शहर फिलाडेल्फियाच्या ईशान्येस आहे. वारा तिकडून येत होता, तेव्हा वादळ बोस्टनला आधी पोहोचले असणार, असा साहजिक तर्क होता. प्रत्यक्षात बोस्टनमध्ये ग्रहण व्यवस्थित दिसले होते. वादळ तेथे नंतर पोहोचले. यावरून फ्रँकलिनने निष्कर्ष काढला, की वारा ईशान्येकडून येत असला, तरी वादळ स्वतः नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत होते.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील अशा वादळांना आजही 'नॉरईस्टर' म्हणतात. हे नाव वाऱ्यावरून पडले आहे, वादळाच्या वाटचालीवरून नव्हे. वादळ बहुधा किनाऱ्यालगत ईशान्येकडे जाते आणि त्याचा वारा किनाऱ्यावर ईशान्येकडून येतो.

चक्रीवादळाच्या पत्रकातील दिशा

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने हा भेद सर्वांत मोलाचा ठरतो तो चक्रीवादळाच्या वेळी. चक्रीवादळाच्या इंग्रजी पत्रकात दोन प्रकारच्या दिशा असतात. वादळाची वाटचाल 'नॉर्थवर्ड्स', 'नॉर्थ-नॉर्थईस्टवर्ड्स' अशा शब्दांनी सांगितली जाते. वाऱ्याचे वर्णन 'नॉर्दर्ली', 'साउथवेस्टर्ली' अशा शब्दांनी होते. पहिल्या गटात 'कडे', दुसऱ्या गटात 'कडून'. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले 'निसर्ग' हे चक्रीवादळ अरबी समुद्रात प्रथम उत्तरेकडे सरकले आणि मग ईशान्येकडे वळून अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत आले.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळ उत्तरेकडे जात असले, तरी त्याच्या पश्चिमेस वारे 'नॉर्दर्ली', म्हणजे उत्तरेकडून येणारे असतात, आणि पूर्वेस 'सदर्ली', म्हणजे दक्षिणेकडून येणारे. महाराष्ट्र व गोव्याच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर वादळ धडकते, तेव्हा धडकेच्या जागेच्या दक्षिणेस वारा 'वेस्टर्ली' असतो. तो समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटतो. धडकेच्या जागेच्या उत्तरेस तो 'ईस्टर्ली' असतो. तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. वाऱ्याने फुगलेले पाणी गावात शिरण्याचा धोका म्हणूनच दक्षिणेच्या बाजूस अधिक असतो. अशा पत्रकातील 'वेस्टर्ली विंड्स'चे भाषांतर 'पश्चिमेकडे वाहणारे वारे' असे झाले, तर किनाऱ्यावर चालून येणारा वारा वाचकाला किनाऱ्यापासून दूर जाणारा वाटेल. येथे चूक केवळ शब्दाची राहत नाही.

आकड्यांची भाषा

वैमानिक आणि हवामानशास्त्रज्ञ दिशा अंशांत सांगतात. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजत गेल्यास पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि उत्तर ३६० अंशांवर येते. वाऱ्याची दिशा २७० अंश असेल, तर वारा पश्चिमेकडून येत आहे. विमानाचा रोख २७० अंश असेल, तर विमान पश्चिमेकडे चालले आहे. आकडा तोच, अर्थ पुन्हा उलट.

धावपट्टीचे क्रमांकही विमानाच्या रोखावरूनच, दहाने भागून दिलेले असतात. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीची दोन टोके ०९ आणि २७ या क्रमांकांनी ओळखली जातात. '२७' वरून उडणारे विमान साधारण पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झेपावते. विमानाला उड्डाणासाठी व उतरण्यासाठी समोरून येणारा वारा अनुकूल असतो. त्यामुळे वारा 'वेस्टर्ली' असताना '२७' हीच धावपट्टी सोयीची ठरते. वाऱ्याच्या नावात उगम आणि धावपट्टीच्या नावात गंतव्य असल्यामुळे येथे एक सुटसुटीत सूत्र तयार होते : दोन्ही आकडे जुळले, की वारा समोरून आहे.

'वेस्ट', 'वेस्टर्न' आणि इतर रूपे

'वेस्ट' हे विशेषण म्हणून बहुधा निश्चित, सीमा ठरलेल्या भागांच्या नावांत येते : वेस्ट बेंगॉल, वेस्ट इंडीज, अंधेरी वेस्ट. 'वेस्टर्न' हे तुलनेने व्यापक व सैल सीमांच्या प्रदेशाला लागते : वेस्टर्न युरोप, वेस्टर्न घाट्स, वेस्टर्न महाराष्ट्र. हा नियम मात्र काटेकोर नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे सीमाबद्ध राज्य असूनही तेथे 'वेस्टर्न' आहे. विशेषनामे रूढीने ठरतात. ती जशी आहेत तशीच लक्षात ठेवावी लागतात.

एका अक्षराने अर्थ कसा बदलतो, याची उदाहरणे इतर दिशांतही आहेत. 'साउथ आफ्रिका' हा एक देश आहे. 'सदर्न आफ्रिका' म्हणजे त्या खंडाचा संपूर्ण दक्षिण भाग. 'नॉर्दर्न आयर्लंड' हा युनायटेड किंग्डमचा घटक आहे. परंतु आयर्लंड बेटाचे सर्वांत उत्तरेकडील टोक, मॅलिन हेड, हे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये नसून आयर्लंड प्रजासत्ताकाच्या डॉनेगॉल परगण्यात आहे. इंग्रजी लेखनात अशा वेळी कॅपिटल अक्षराला महत्त्व येते. विशेषनामातील दिशेचे आद्याक्षर कॅपिटल, केवळ दिशा सांगावयाची असेल तर लहान.

विशेषनामातील दिशा ही सापेक्ष असते, याचा प्रत्यय मुंबईकराला रोज येतो. 'वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे' अंधेरी, गोरेगाव, बोरिवली या ठिकाणी रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडून, म्हणजे 'ईस्ट' म्हणविल्या जाणाऱ्या भागांतून जातो. तो 'वेस्टर्न' आहे तो 'ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे'च्या तुलनेत. रेल्वेच्या रुळांच्या तुलनेत नव्हे.

'वेस्टर्न'ला दिशेपलीकडचा सांस्कृतिक अर्थही आहे : पाश्चात्त्य. 'वेस्टर्न म्युझिक', 'वेस्टर्न फिलॉसॉफी' यांत होकायंत्राचा संबंध उरलेला नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातील जीवनावरील कादंबऱ्या व चित्रपट यांनाही 'वेस्टर्न' असेच नाव आहे. 'वेस्टर्ली'ला हा सांस्कृतिक अर्थ नाही. 'वेस्टर्ली म्युझिक' असा प्रयोग त्यामुळे चुकीचा ठरतो.

'वेस्टर्ली'ची तुलना होऊ शकते : 'मोअर वेस्टर्ली', 'मोस्ट वेस्टर्ली'. स्थान दर्शविताना 'मोअर वेस्टर्न' असे सहसा म्हणत नाहीत. तेथे 'फर्दर वेस्ट' म्हणतात, आणि सर्वांत टोकाच्या जागेसाठी 'वेस्टर्नमोस्ट' हे रूप आहे. 'वेस्टवर्ड' विशेषण आणि क्रियाविशेषण असे दोन्ही आहे; ब्रिटिश इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणून 'वेस्टवर्ड्स' अधिक आढळते. 'वेस्टबाउंड' हे रेल्वेगाड्या, वाहने, रस्त्यांच्या मार्गिका यांच्यापुरते मर्यादित आहे : 'वेस्टबाउंड ट्रॅफिक' म्हणजे पश्चिमेकडे जाणारी वाहतूक. वाऱ्याला 'वेस्टबाउंड' म्हणत नाहीत.

मराठीत आणताना

या बाबतीत मराठीची विभक्तिव्यवस्था इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे. 'कडून' आणि 'कडे' या दोन शब्दांनी उगम व गंतव्य स्वच्छ वेगळे होतात. अडचण निर्माण होते ती 'कडचा' किंवा 'कडील' वापरल्यामुळे. 'पश्चिमेकडील वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा, पश्चिमेकडे जाणारा, की पश्चिम भागात वाहणारा? 'वेस्टर्ली'तील सगळी संदिग्धता 'पश्चिमेकडील'मध्ये जशीच्या तशी उतरते. म्हणून वाऱ्याच्या संदर्भात 'पश्चिमेकडून येणारा वारा', वादळाच्या वाटचालीसाठी 'पश्चिमेकडे सरकणारे वादळ', प्रवाहासाठी 'पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह', आणि स्थानासाठीच तेवढे 'पश्चिमेकडील टोक' अशी रचना करणे इष्ट. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतील 'पश्चिमी वारे' ही संज्ञा रूढ असल्याने चालते. पण प्रथम उल्लेखात तिचा अर्थ सांगणे वाचकाच्या हिताचे.

उपदिशांच्या भाषांतरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंग्रजीत 'साउथवेस्ट', 'नॉर्थईस्ट' अशी जोडनावे आहेत. मराठीत ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य आणि वायव्य अशी स्वतंत्र नावे आहेत. 'साउथईस्टर्ली' म्हणजे आग्नेयेकडून आणि 'नॉर्थवेस्टर्ली' म्हणजे वायव्येकडून. घाईच्या अनुवादात या जोड्यांची अदलाबदल वारंवार होते.

प्रचारातील काही वाक्ये आणि त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे :

'द विंड टर्न्ड वेस्टर्ली.' : वारा बदलून पश्चिमेकडून वाहू लागला.

'द शिप टुक अ वेस्टर्ली कोर्स.' : जहाजाने पश्चिमेकडील मार्ग धरला.

'द सायक्लोन मूव्ह्ड वेस्टवर्ड्स.' : चक्रीवादळ पश्चिमेकडे सरकले.

'अ वेस्टर्ली करंट कॅरीड द बोट अवे.' : पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहाने होडी वाहून नेली.

'द मोस्ट वेस्टर्ली व्हिलेज इन द डिस्ट्रिक्ट.' : जिल्ह्यातील सर्वांत पश्चिमेचे गाव.

इंग्रजीत स्वतः लिहिताना वाऱ्याखेरीज अन्यत्र 'वेस्टर्ली'ऐवजी 'वेस्टवर्ड' किंवा 'टुवर्ड्स द वेस्ट' वापरल्यास संदिग्धता उरत नाही. वाचताना मात्र पुढील नामाकडे पाहूनच अर्थ लावावा लागतो : वारा असेल तर त्याचे घर विचारावे, इतर काही असेल तर त्याचे मुक्कामाचे ठिकाण.